डोक्यावर गाडी, पायाखाली काँक्रीट

डेट्रॉइटच्या आसपासची नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स ही उपनगरं मराठी माणसांना नवी नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या वाहन कारखान्यांत हात बसवून घेतलेली, मग फोर्ड, जनरल मोटर्स किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत रुजू होऊन तिकडचीच झालेली मंडळी इथे राहतात. अशा घरी पाहुणा गेला की यजमान त्याला घर दाखवतो, हा रिवाज. देवघर, बेसमेंटमधलं होम थिएटर, मागचं डेक, उन्हाळ्यात मेथी-टोमॅटो लावलेला वाफा. अलीकडे काही घरांत ही फेरी गॅरेजात जाऊन संपते आणि तिथे यजमानाचा आवाज जरा चढतो. गाडी जमिनीवर नसतेच. दोन पोलादी खांबांमधून निघालेल्या चार हातांवर ती डोक्याच्या वर उचललेली असते आणि यजमान तिच्या पोटाखाली उभा राहून टॉर्चच्या उजेडात सायलेन्सर दाखवत असतो.

आपल्याकडे सर्व्हिस सेंटरमध्ये ‘गाडी रॅम्पवर घेतली’ म्हणतात, तोच हा प्रकार; फक्त घरात बसवलेला. अशी लिफ्ट साधारण तीन ते पाच हजार डॉलरला मिळते. वाहतूक, बसवणावळ आणि वीजजोडणी वेगळी.

हौसेला कारणं आहेत. गॅरेजवाल्याची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे गेली आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर खडेमीठ टाकतात (खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खोल मिठाची खाण आहे) आणि ते मीठ गाडीचं बूड खाऊन टाकतं. वसंत आला की खालून गाडी धुवायची, गंज कुठवर चढला ते बघायचं, हे तिथलं वार्षिक काम. शिवाय या गावाला मोटारींचं वेड आहे. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. ती बघत मोठी झालेली मराठी पोरं कॉलेज संपताच एखादी मोडकी मस्टँग घरी आणून ठेवतात आणि आई कपाळाला हात लावते.

पण घरात माणसाच्या डोक्यावर दीड-दोन टन वजन धरून ठेवणारं दुसरं यंत्र नसतं. धंद्याच्या गॅरेजात मालक, फिटर, कामगार आणि तपासनीस ही वेगवेगळी माणसं असतात. घरी या चारही जागा एकाच माणसाकडे. अमेरिकेचे कामगार-सुरक्षेचे नियम मालक-नोकर असतील तिथे लागू होतात; शनिवारी सकाळी स्वतःच्या गॅरेजात चहाचा मग घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थाला ते विचारायला येत नाहीत. या लेखासाठी जी गॅरेजं पाहिली, त्यांत पोलादावर सगळ्यांनी मनापासून पैसे खर्च केले होते. तपासणीवर फार थोड्यांनी.

लिफ्ट नसेल तर काय करतात? जॅक लावतात, खाली स्टँड सरकवतात आणि थंड काँक्रीटवर पाठ टेकून आत शिरतात. २०२०मध्ये हार्बर फ्रेट या अमेरिकी दुकानसाखळीने लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण त्यांचे दाते नीट अडकत नव्हते आणि भाराखाली स्टँड अचानक खाली बसण्याची शक्यता होती. त्या बातमीनंतर आपल्याला लिफ्ट हवीच असं ठरवलेले दोघे मला भेटले. त्यांचा विचार अर्धाच बरोबर होता. चांगल्या लिफ्टखाली उभं राहणं हे स्टँडखाली निजण्यापेक्षा खात्रीनं बरं. मात्र स्टँड चुकीचा ठेवला तर गाडी फूटभर खाली येते, लिफ्टवरून सुटली तर सहा फूट.

मोटारीची लिफ्ट शंभर वर्षांची झाली. टेनेसीतल्या मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी या मेकॅनिकने १९२५च्या सुमारास तेलाच्या दाबावर वर जाणारी लिफ्ट बनवली. न्हाव्याच्या दुकानातली वर-खाली होणारी खुर्ची बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात. त्याने काढलेली रोटरी ही कंपनी आजही लिफ्ट बनवते. १९४५मध्ये अशा उत्पादकांनी मिळून ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली. लिफ्टची बांधणी, चाचणी, बसवणी आणि तपासणी यांची मानकं तीच ठरवते आणि त्रयस्थ प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या मॉडेलवर तिचं सोनेरी लेबल लागतं. ग्राहकाने हे लेबल खांबावर बघायचं. जाहिरातीत ‘आमची लिफ्ट या मानकांनुसार बनवली आहे’ असं छापलेलं असतं. त्याचा आणि प्रमाणपत्राचा काही संबंध नाही. संस्थेच्या यादीत मॉडेलचा नंबर सापडला तरच ते खरं.

घरासाठी मुख्य प्रकार दोन. चार खांबी लिफ्टला दोन लांब पोलादी पट्ट्या असतात, त्यांवर गाडी चालवत न्यायची. भार चाकांवरच राहतो. एका गाडीवर दुसरी ठेवायला हीच वापरतात. दोन खांबी लिफ्ट गाडीला बुडाखालून उचलते, चारही चाकं मोकळी लोंबतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, काय हवं ते काढा. काम करणाऱ्याला म्हणूनच दोन खांबी आवडते, आणि माझ्या मते निम्म्या घरांत ती विनाकारण आणलेली असते. त्याकडे शेवटी येतो.

चार खांबी लिफ्ट बहुधा स्वतःच्या पायांवर उभी राहते. दोन खांबी पूर्णपणे जमिनीच्या भरवशावर असते, आणि घोळ इथूनच सुरू होतो. ओबडधोबड हिशेब मांडू. गाडी १८०० किलोची, म्हणजे प्रत्येक खांबावर ९०० किलो. पण हा भार खांबावर सरळ उभा येत नाही; हात आत पसरलेले, त्यामुळे तो खांबाच्या बुडापासून दोन फूट आत टांगलेला असतो. खांब गाडीकडे झुकायला बघतो आणि बुडाच्या बाहेरच्या अंगाचे बोल्ट त्याला मागे धरतात. वर आडवी तुळई नसलेल्या लिफ्टमध्ये त्या दोन-तीन बोल्टांवर मिळून हजार किलोच्या पुढे ताण येतो, तोही वर उपटण्याचा. तो सगळा गॅरेजच्या काँक्रीटने सोसायचा.

बहुतेक पुस्तिका दोन खांबी लिफ्टसाठी किमान चार ते सव्वाचार इंच जाडीचं आणि ३००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागतात. नवीन ओतलेलं असेल तर २८ दिवस पूर्ण झालेलं. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची. गॅरेजची जमीन म्हणजे मुरुमावर ओतलेला पातळ थर. नकाशावर चार इंच लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात कडेला चार आणि मध्ये तीन निघू शकतं. म्हणून आधी अर्ध्या इंचाचं भोक पाडायचं, त्यात टोकाला वाकवलेली तार सोडायची, तळाच्या कडेला अडकवायची आणि जाडी मोजायची. ताकदीसाठी रिबाउंड हॅमर हे उपकरण असतं. पुण्यातल्या कुठल्याही स्ट्रक्चरल ऑडिटरच्या पेटीत ते सापडेल.

आणखी एक भानगड आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, अॅरिझोना अशा राज्यांत पुष्कळ घरांची जमीन पोस्ट-टेन्शन असते, म्हणजे काँक्रीटच्या आत पोलादी दोर प्रचंड ताणाने ओढून बसवलेले असतात. ड्रिल त्यावर गेलं आणि दोर तुटला, तर तो जमीन फोडून बाहेर येऊ शकतो. गॅरेजच्या उंबऱ्याजवळ ‘कापू नका, भोक पाडू नका’ असा शिक्का बहुधा ओल्या काँक्रीटमध्येच उमटवलेला असतो, आणि तो बहुधा सायकली किंवा कचऱ्याच्या डब्याखाली झाकला गेलेला असतो. डेट्रॉइट ज्यात येतं त्या मिशिगनमध्ये हा धोका कमी. तिथे काही घरांत जमीन गरम ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या काँक्रीटमध्ये असतात, त्या फुटतात.

नोव्हायमधल्या एका घरी लिफ्ट बसवताना मी हजर होतो. यजमान मूळचे कोल्हापूरकडचे, आयुष्य ब्रेकच्या डिझाइनमध्ये गेलेले, नुकतेच निवृत्त. फिटर दोघे. त्यांनी आधी खडूने रेषा आखल्या, दोन कोपऱ्यांपासूनचे कर्ण मोजले, एका खांबाचं बूड भेगेपासून लांब जाईल एवढं सरकवलं. मग बुडाच्या भोकांतूनच पाऊण इंचाचं ड्रिल उभं धरून सोडलं. कानठळ्या बसवणारा आवाज, करडी धूळ. मला वाटलं आता बोल्ट ठोकतील. तर त्यांतल्या थोरल्याने व्हॅक्यूमची नळी भोकात घातली, ब्रश फिरवला, पुन्हा व्हॅक्यूम. प्रत्येक भोकाला तेच. यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, “धूळ राहिली तर अँकर काँक्रीटला धरत नाही हो, धुळीला धरतो. वरून सगळं घट्ट दिसतं.”

अँकर बोल्ट हातोड्याने खाली गेले. ओळंबा लावून खांब तपासला, बुडाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवल्या आणि मग टॉर्क रेंच निघाला. हा क्षण बघण्यासारखा असतो. नट फिरवत जायचं. दोन-तीन फेऱ्यांत रेंचने ‘कट्’ असा आवाज दिला की ठरलेला ताण आला. एक नट मात्र फिरतच राहिला. चौथी फेरी, पाचवी फेरी, रेंच गप्प. थोरल्या फिटरने रेंच खाली ठेवला आणि काम थांबवलं. अँकर वर सरकत होता, म्हणजे खालचं काँक्रीट भुसभुशीत होतं. यजमानीण बाईंनी आतून विचारलं, “अहो, झालं का? पोहे टाकू का?” झालं नव्हतं. त्या खांबाखालचा चौकोनी तुकडा कापून काढायचा, खोल खणायचं, सळ्या बांधून नवं काँक्रीट ओतायचं आणि २८ दिवस थांबायचं, असं ठरलं. पोहे मात्र झाले, फिटरांनी दोनदा घेतले.

त्या फिटरांनी नट तसाच सोडला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही, गाडी वर चढेपर्यंत. घरगुती बसवणीत असे सोडलेले नट किती असतील याचा विचार मनातून जात नाही. काही घरांत मंडळींनी व्हिडिओ बघून, मित्रांना पिझ्झा खिलवून, एका शनिवार-रविवारी लिफ्ट उभी केलेली आहे. इंजिनिअर माणसाला ते अवघड नाही. पण नट फिरत राहिल्यावर काम थांबवून महिनाभर वाट बघायची तयारी लागते, आणि आपलीच हौस असली की ती कमी पडते.

छताचंही गणित आधी करायचं. सेडान पावणेपाच फूट उंच. खाली माणूस ताठ उभा राहायचा तर तिचं बूड सहा फुटांवर हवं. एकूण दहा फुटांच्या वर गेलं. एसयूव्हीला अकराच्या पुढे. अमेरिकेतल्या जुन्या गॅरेजांची छतं आठ-नऊ फुटांची. मग कुणी छताच्या कैच्या बदलून उंची काढतात (त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि नगरपालिकेची परवानगी लागते), कुणी अर्धवट उंचीवर समाधान मानतात. गॅरेजचं दार हा वेगळाच शत्रू. ते वर सरकत छताला समांतर आत येतं, नेमकं उचललेल्या गाडीच्या टपावर. आता ही दारं फोनवरूनही उघडतात. आपण गाडी वर चढवून खाली पाने लावत बसलोय आणि मुलीने शाळेतून येताना दाराची कळ दाबली, तर काय होईल हे सांगायला नको. लिफ्ट वर असेल तेव्हा दाराच्या मोटारीचा प्लग काढून ठेवायचा. किंवा दाराचे रूळ उंच नेऊन मोटार बाजूच्या भिंतीवर घ्यायची. विजेचं काम २२० व्होल्टच्या स्वतंत्र सर्किटवर, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून.

आता वापर. दोन खांबी लिफ्टवरचे अपघात बहुतेक वेळा गाडी हातांवर चुकीच्या जागी बसवल्याने होतात. समोर इंजिन असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य साधारण ड्रायव्हरच्या सीटखाली येतो. तो दोन्ही खांबांना जोडणाऱ्या रेषेशी जुळवायचा. हातांच्या टोकाचे पॅड गाडी उत्पादकाने सांगितलेल्या चार बिंदूंवरच लावायचे. हे बिंदू गाडीच्या पुस्तिकेत असतात. आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चॅसी नसते. दाराखालच्या कडेने दोन पत्रे वेल्ड करून केलेली जाड पट्टी असते, तिच्या ठरावीक भागावर भार घेता येतो. मिशिगनच्या मिठाने नेमकी हीच पट्टी आधी कुजते. बाहेरून रंग शाबूत, आतून पापड. पॅड लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला, पापुद्रा सुटला, तर ती गाडी हातांवर घेऊ नका, चार खांबीवर चालवत न्या.

लिफ्टच्या क्षमतेबद्दलही गैरसमज आहे. १०,००० पौंडांची लिफ्ट म्हणजे प्रत्येक हाताला २,५०० पौंड. मागे अवजारांच्या पेट्या भरलेला पिकअप एकूण वजनात बसेल, पण मागच्या दोन हातांवर जास्त येईल. विजेच्या गाड्यांनी तर सगळे जुने अंदाज मोडीत काढले. जीएमसीची इलेक्ट्रिक हमर ९,००० पौंडांच्या वर जाते. शिवाय या गाड्यांच्या बुडाला सगळीकडे बॅटरी पसरलेली. पॅड चुकून तिच्यावर टेकला तर तिचं आवरण दबून मोठी दुर्घटना होऊ शकते. टेस्लासारख्या गाड्यांना उचलण्याच्या बिंदूंत बसणाऱ्या रबरी चकत्या मिळतात, त्या वापराव्यात.

त्याच यजमानांकडे महिन्याने पुन्हा गेलो, तेव्हा नवं काँक्रीट पिकलं होतं आणि पहिली गाडी वर जाणार होती. मुलगा उत्साहात बटण दाबायला पुढे झाला. “थांब जरा,” ते म्हणाले. “आत कुणी नाही ना? डिकी रिकामी आहे?” चारही पॅड हाताने चाचपले, हातांचे दातेरी लॉक अडकलेत का ते हात हलवून बघितले. मग गाडी वर गेली ती वीतभरच. चाकं जेमतेम सुटली. तिथे त्यांनी थांबवली, बंपरला हात लावून गाडी जोरात हलवली. पुढून, मागून. काही सरकलं नाही. पुन्हा वाकून चारही पॅड बघितले. “आता ने.” खांबाच्या आतून खट्, खट्, खट् असे आवाज येत गेले, दर काही इंचांवर पोलादी खिट्टी खाचेत पडत होती. हव्या उंचीच्या किंचित वर नेऊन त्यांनी खाली सोडण्याची मूठ दाबली आणि गाडी दोन्ही बाजूंना खिट्ट्यांवर बसली. “बाबा, वर नेली की झालं ना?” मुलाने विचारलं. “नाही. आता तेलावर नाहीये ती, लोखंडावर आहे. नळी फुटली तरी जागची हलणार नाही. आता खाली ये.”

हा शेवटचा टप्पा लोक गाळतात, हे मी स्वतः दोन गॅरेजांत पाहिलं. गाडी हायड्रॉलिकच्या दाबावर तशीच लोंबकळत ठेवून खाली काम चाललेलं. यंत्र चांगलं असतं, वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि म्हणून सवय पक्की होते. खाली उतरवताना आधी थोडं वर न्यायचं, दोन्हीकडच्या खिट्ट्या सुटल्या याची खात्री करायची, मगच मूठ दाबायची. एकीकडची सुटली आणि दुसरीकडची अडकली तर गाडी तिरकी होते. तेव्हा मूठ सोडून द्यायची, हाताने गाडी सावरायला जायचं नाही. इंजिन किंवा मागचा अॅक्सल काढणार असाल तर गुरुत्वमध्य सरकतो. उरलेल्या बाजूला उंच तिपाई स्टँड लावल्याशिवाय तो शेवटचा बोल्ट सोडू नका.

देखभाल फार नाही, पण ती करावी लागते. दोन्ही बाजू समपातळीत ठेवणारे पोलादी दोर ताणाला येतात आणि झिजतात. त्यांच्यावरून हात फिरवायचा नाही, फडकं फिरवायचं. तुटलेली तार असेल तर फडक्याचा धागा अडकतो. अँकरचे नट पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. लिफ्ट इन्स्टिट्यूटचं मानक वर्षातून किमान एकदा जाणत्या तपासनीसाकडून तपासणी सांगतं. संस्थेने प्रमाणित केलेले तपासनीस असतात आणि ते घरीही येतात. जुनी लिफ्ट बंद पडलेल्या गॅरेजातून स्वस्तात मिळते. तिची पुस्तिका, हातांचे लॉक आणि दोरांची स्थिती यांपैकी एकाचाही पत्ता नसेल तर ती फुकटही महाग.

आपल्याकडे या यंत्राचं घरगुती रूप जवळपास नाही. कारण सोपं आहे: कोपऱ्यावर मेकॅनिक आहे आणि बंगल्यातसुद्धा पोर्चच असतो, गॅरेज क्वचित. पण मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग आलं आहे, ते याच चार खांबी लिफ्टचं भावंड. त्याचे दोर, खिट्ट्या आणि सेन्सर कोण, कधी तपासतं, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या एएमसीइतक्याच आग्रहाने विचारायला हवा. माझ्या ओळखीच्या सोसायट्यांत तो पाण्याच्या टँकरनंतर येतो आणि तोवर सभासद उठून गेलेले असतात.

आता तो निम्म्या घरांचा मुद्दा. ज्याला गाडी फक्त धुवायची, ऑइल बदलायचं, ब्रेक बघायचे आणि हिवाळ्यात हौसेची गाडी ठेवायची आहे, त्याला दोन खांबी लिफ्टची गरज नाही. चार खांबी पुरते. छत कमी असेल तर जमिनीवर ठेवून गाडी दीड-दोन फूट उचलणाऱ्या आडव्या चौकटी मिळतात, त्यांना भोकंही पाडावी लागत नाहीत. गिअरबॉक्स खरोखर उतरवणाऱ्याने दोन खांबी घ्यावी आणि लिफ्टच्या आधी जमिनीवर पैसे घालावेत. घेणाऱ्या प्रत्येकाने खर्चाच्या यादीत दरवर्षीच्या तपासणीची ओळ पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी. परक्या माणसाने येऊन आपल्या गॅरेजात चुका काढलेल्या ज्याला चालत नाहीत, त्याने लिफ्ट घेऊ नये.